ब्रिग्जचे दात

नंदाताई वाटवे दातांची डॉक्टर आहे. कराडला बीडीएस केलं, लग्न करून अमेरिकेत आली, आणि आल्यावर तिला कळलं की तिकडच्या पदवीवर इकडे दात काढता येत नाहीत. मग पुन्हा कॉलेज, पुन्हा परीक्षा, मधेच सियाचा जन्म. सगळं उरकून लायसन्स हातात आलं तेव्हा तिची पस्तिशी उलटली होती. तिचा नवरा सत्यजित पेनसिल्व्हेनियातल्या एल्डरटन या गावी काचेच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून तिनेही तिथल्याच एका म्हाताऱ्या डेंटिस्टच्या दवाखान्यात नोकरी धरली. पुढे म्हातारे रिटायर झाले आणि दवाखाना तिने चालवायला घेतला. जाताना त्यांनी तिला विचारलं, "तुला हॉकी आवडते का?"

"शाळेत खेळलेय की," नंदाताई म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे कराडचं गवताचं मैदान होतं.

अशा रीतीने ती एल्डरटन आयर्नमेन या व्यावसायिक आइस हॉकी टीमची डेंटिस्ट झाली.

मी तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होते. नंदाताई माझ्या मामेबहिणीची वर्गमैत्रीण, आणि एल्डरटन माझ्यापासून गाडीने दीड तासावर. अपार्टमेंटमध्ये पाळीपाळीने शिजणारा राजमा-भात नकोसा झाला की मी तिच्याकडे जायचे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते तिने सांगितलंय, आणि ती वाढवून सांगणाऱ्यांतली नाही.

पहिल्या मॅचला दोन खेळाडूंनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना बुक्क्या मारायला सुरुवात केली. पंच शेजारी उभं राहून बघत होते. नंदाताई घाबरून उठलीच. त्या रविवारी तिने आईला फोनवर सांगितलं, "अगं, मारामारी करतात आणि मग पाच मिनिटं शिक्षेला बसतात. बालवाडीसारखं." पण माणसाला सवय होते. शिवाय सियाला, म्हणजे तिच्या मुलीला, खेळाचं वेड लागलं. सियाने आईला नियम शिकवले, आणि दोन-तीन वर्षांत नंदाताई स्वतःच पंचांवर ओरडायला लागली.

तिला सगळ्यात आवडायचा तो सामन्यांच्या मालिकेचा शेवट. बाद फेरीची मालिका संपली की दोन्ही टीम बर्फावर रांगा करतात आणि प्रत्येक जण समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवतो. ज्याने आपलं नाक फोडलं, त्याच्याशीसुद्धा. नंदाताईचं आजोळ कुंडलचं, कुस्तीच्या मैदानाचं गाव. "आमच्याकडे आधी सलामी आणि मग कुस्ती," ती म्हणायची. "हे लोक आधी कुस्ती करतात आणि मग सलामी. पण सलामी आहे, हे महत्त्वाचं."

एल्डरटनचं वैर कोल्सबर्ग रेव्हन्सशी. एकाच नदीकाठची दोन गावं. एकात पोलाद व्हायचं, दुसऱ्यात कोळसा निघायचा. आता दोन्ही बंद. पोरं कामासाठी बाहेर गेली, पण हॉकीच्या टीम राहिल्या. ही काही सगळ्यात वरची लीग नव्हे. खेळाडू विशी-पंचविशीतले, वरच्या लीगमधून कधी बोलावणं येईल याची वाट बघत भाड्याच्या खोल्यांत राहणारे. पण कोल्सबर्गविरुद्ध मॅच असली की दुकानदार पाटी लावून मोकळा व्हायचा: आज लवकर बंद.

आणि कोल्सबर्गमध्ये एल्डरटनला सगळ्यात नकोसा माणूस होता मार्टी ब्रिग्ज.

ब्रिग्ज बचावात खेळायचा. अंगाने आडवा, मान जवळजवळ नाहीच. आदल्या वर्षी याच दोन टीमच्या फायनलमध्ये त्याची काठी आयर्नमेनचा कॅप्टन कोल हॅन्सनच्या तोंडावर बसली होती. मुद्दाम मारली की चुकून लागली यावर एल्डरटनमध्ये दुमत नव्हतं. नंदाताईने त्या दिवशी हॅन्सनच्या ओठातून त्याच्याच दातांचे तुकडे काढले. नंतरचा सगळा उन्हाळा तो तिच्या खुर्चीत यायचा. आधी हिरड्या भरून येईपर्यंत, मग इम्प्लांटसाठी. सूप पिऊन पिऊन त्याचे गाल बसले होते. आयर्नमेन ती फायनल हरले होते.

या वर्षी पुन्हा तेच दोघं फायनलला. सातातले चार जिंकेल तो चॅम्पियन. तीन यांनी जिंकले, तीन त्यांनी, आणि सातवा सामना एल्डरटनला आला. मी मुद्दाम गेले. सत्यजितदादा, सिया आणि मी स्टँडमध्ये बसलो. नंदाताई नेहमीसारखी खाली, खेळाडू जिथून बर्फावर जातात त्या बोळाच्या तोंडाशी उभी.

मॅचच्या तीन भागांपैकी दुसरा संपत आला होता. दोन-दोन अशी बरोबरी. आयर्नमेनच्या एकाने जीव खाऊन पक मारला. पक म्हणजे त्यांचा चेंडू. कडक रबराची जाड चकती, गोठवून आणखी कडक केलेली. ब्रिग्ज तो अडवायला आडवा पडला आणि पक त्याच्या तोंडावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. तो गुडघ्यांवर बसला, बर्फावर लाल ठिपके पडले. आणि आमच्या आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. सियाने वाजवल्या. सत्यजितदादाने तिचा हात धरून खाली केला.

पाहुण्या टीमबरोबर डेंटिस्ट नसतो. यजमानांचा डेंटिस्ट दोन्ही टीमचा, असा करार असतो. ब्रिग्जला आत आणलं. टीमच्या डॉक्टरने आधी डोक्याला मार लागलाय का ते नीट तपासलं, ओठाला टाके घातले, आणि त्याला नंदाताईच्या ताब्यात दिलं.

वरचा एक दात अर्धा तुटला होता, आतली नस उघडी पडली होती. शेजारचा दात आत ढकलला गेला होता. नुसती हवा लागली तरी माणूस कळवळेल अशी अवस्था. ब्रिग्ज तोंड उघडं ठेवून बोबडं म्हणाला, "डॉक, मला परत जायचंय."

दारात डग उभा होता. डग हा आयर्नमेनच्या सामानाची व्यवस्था बघणारा माणूस, पंचवीस वर्षं टीमबरोबर असलेला. तो हसून म्हणाला, "सावकाश चालू दे, डॉक. काही घाई नाही."

तो चेष्टेत म्हणाला, असं समजायला जागा होती. नंदाताईने मान वर केली आणि म्हणाली, "डग, दार बाहेरून लाव."

मग तिने नेहमीचं काम केलं. इंजेक्शन देऊन जागा बधिर केली. उघडी पडलेली नस काढून टाकली, वरून सिमेंट भरलं. आत गेलेला दात बोटांनी ओढून जागेवर आणला आणि शेजारच्या दातांना तारेने बांधला. सगळं मधल्या सुट्टीत. ब्रिग्जने एकदाही खुर्चीचा हात सोडला नाही, पण आवाजही काढला नाही.

"मला वाटलं होतं, माझा हात जड पडेल," तिने नंतर मला सांगितलं. "त्या पोराचा, हॅन्सनचा, जबडा मी वर्षभर बघत होते ना. याच माणसाने केलेला. पण हात नेहमीसारखाच चालला. तोंड उघडलं की मला माणूस दिसतच नाही, चैत्राली, दात दिसतात."

तिसऱ्या भागात ब्रिग्ज चेहऱ्यावर जाळी लावून परत आला तेव्हा अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. तिसरा भागही बरोबरीतच संपला आणि जादा वेळ सुरू झाला. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकतो. थोड्या वेळाने ब्रिग्जने स्वतःच्या बाजूला, मैदानाभोवतीच्या भिंतीला आपटून एक लांब पास काढला, त्यांचा एक चपळ पोरगा तो घेऊन सुसाट सुटला आणि त्याने गोल मारला.

संपलं.

मी आजवर इतक्या माणसांना एकदम गप्प झालेलं पाहिलेलं नाही. रांगा झाल्या. हात मिळवताना हॅन्सन ब्रिग्जच्या समोर आला तेव्हा त्याने हात पुढे केला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी जाताना गाडीत सिया रडत होती. अर्ध्या रस्त्यात ती एकदम म्हणाली, "यू फिक्स्ड हिम, आई. यू ॲक्चुअली फिक्स्ड हिम."

"हो."

"तू सांगू शकत होतीस, ही कान्ट प्ले."

"खेळू शकत होता ना पण तो."

"सो व्हॉट!"

"सिया," सत्यजितदादा गाडी चालवता चालवता म्हणाला, "इनफ."

"बोलू दे तिला," नंदाताई म्हणाली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मला पण जिंकायचंच होतं गं."

सिया दोन दिवस आईशी बोलली नाही. गावाने त्याहून जास्त वेळ घेतला. स्थानिक बातमीदाराने मॅचच्या वर्णनात सहज लिहिलं होतं की ब्रिग्जवर एल्डरटनच्या डेंटिस्टने उपचार केले. सोमवारी चार जणांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या. किराणा दुकानात एक बाई तिला म्हणाली, "काम फारच चांगलं करतेस तू." आणि वळून निघून गेली. हॅन्सनची तपासणीची वेळ ठरलेली होती. तो आला नाही, फोनही नाही. याचं तिला सगळ्यांत जास्त लागलं. त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले, असं सत्यजितदादा म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी दवाखान्याच्या दारात कोल्सबर्ग रेव्हन्सचं स्टिकर लावलेली गाडी येऊन थांबली. मार्टी ब्रिग्ज. तात्पुरतं भरलेल्या दाताचं रूट कॅनल करायचं होतं.

"तुमच्या गावात डेंटिस्ट नाहीत का?" रिसेप्शनवरच्या विनीताने विचारलं.

"आहेत. पण हे काम डॉकने सुरू केलंय."

बाहेरच्या खोलीत वॉल्ट नावाचे एक म्हातारे कवळी सैल झाली म्हणून बसले होते. पोलादाच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस, आयर्नमेनची टोपी डोक्यावरून कधी न काढणारा. ब्रिग्ज त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. वॉल्टनी बराच वेळ त्याच्याकडे रोखून बघितलं.

"तिसऱ्या मॅचमध्ये तू आमच्या पोराला मागून ढकललंस. पंचाने बघितलं नाही."

"बघितलं नाही," ब्रिग्जने मान्य केलं.

"आणि गेल्या वर्षी हॅन्सन?"

"ते मुद्दाम नव्हतं. पण मी त्याला तसं कधी सांगितलं नाही."

"का नाही?"

"तुमच्यापैकी कोणी ऐकलं असतं?"

वॉल्टनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "जिंकल्यावर करंडकात शॅम्पेन ओतून पितात, ती प्यायलास का?"

"प्रयत्न केला. डॉकने ओठ असा बधिर केला होता की सगळं हनुवटीवरून शर्टात. कॅप्टनबरोबरच्या फोटोत मी लाळ गाळतोय."

वॉल्ट इतके हसले की त्यांची सैल कवळी खाली घसरली, आणि तोंडावर हात धरून ते आणखी हसत राहिले. ब्रिग्जही टाके ताणू नयेत म्हणून ओठ हाताने दाबून हसत होता. आतून नंदाताई बाहेर आली तेव्हा दोघांचीही तोंडं झाकलेली होती. तिला आधी वाटलं, हे दोघं एकमेकांना मारून बसले की काय.

वॉल्ट त्या संध्याकाळी बारमध्ये गेले आणि त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. पुढच्या आठवड्यात कॅन्सल करणाऱ्यांपैकी तिघांनी पुन्हा वेळ मागितली. चौथी बाई मात्र आजतागायत दुसरीकडे जाते.

हॅन्सन जूनमध्ये आला. खुर्चीत बसल्यावर म्हणाला, "मला राग आला होता."

"माहीत आहे," नंदाताई म्हणाली. "तोंड उघड."

तपासणी झाल्यावर तो उठला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "ब्रिग्जचा फोन आला होता. बोललो आम्ही." काय बोलले ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

या लीगमध्ये खेळाडू एका टीमला फार काळ चिकटून राहत नाहीत. ऑगस्टमध्ये कोल्सबर्गने ब्रिग्जला सोडलं, आणि एल्डरटनला बचावात माणूस हवा होता. सियाने फोनवर बातमी वाचली आणि जिन्यावरून ओरडत खाली आली, "आई! दे साइन्ड ब्रिग्ज!"

"कोणी?"

"आपण!"

ऑक्टोबरच्या पहिल्या मॅचला मी गेले होते. आयर्नमेनच्या निळ्या जर्सीत ब्रिग्ज बर्फावर आला तेव्हा लोकांना कळेना काय करावं. थोड्यांनी हुर्यो केली, थोड्यांनी टाळ्या. बाकीचे पॉपकॉर्न खात राहिले. सियाने हाताची घडी घातली. दुसऱ्या भागात तो सुसाट येणाऱ्या पकसमोर आडवा पडला आणि नक्की होणारा गोल त्याने वाचवला. सिया ताडकन उभी राहिली, ओरडली, मग मी बघतेय हे लक्षात येऊन खाली बसली.

"इट वॉज अ गुड ब्लॉक," ती म्हणाली. "दॅट्स ऑल."

खाली बोळाच्या तोंडाशी नंदाताई कठड्यावरून वाकली होती. ब्रिग्जसाठी तिने स्वतः माप घेऊन दातांचं गार्ड बनवलं होतं, आणि तो ते तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबकळत ठेवून चघळत होता. काय ओरडली ते वर ऐकू आलं नाही. पण ब्रिग्जने गुपचूप गार्ड आत सारलं आणि बाकावर जाऊन बसला.