वोयिनने न बघितलेले तारे

त्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे एकाच उडीपुरतं इंधन उरलं होतं.

वोयिन पलंगावर उशांना टेकून बसलेला आणि त्याची धाकटी बहीण ल्युबिंका टेबलाशी, एका बोटाने कळा दाबत. छोट्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. मधला ठिपका म्हणजे जहाज. डावीकडे एक तारा, उजवीकडे एक तारा. बाकीचे सगळे आवाक्याबाहेर गेलेले.

"डावा का उजवा?" ल्युबिंकाने विचारलं.

"तू सांग."

"मी काय सांगू? खेळ तू केलायस."

"केला म्हणून काय झालं? तिथे काय आहे ते मला तरी कुठे माहितीय!"

आणि हे अगदी खरं होतं बघा. खेळ त्याचा, आणि त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग त्याने सूप मागितलं. दोन चमचे घेतले आणि तोंड वाकडं केलं. "अख्खा जन्म कारखान्याच्या खानावळीत रांधलंस, आणि मीठ अजून अंदाजानेच?"

"मग काय काट्यावर तोलून घालू? तो धंदा तुझा."

हसला. हसताना खोकला आला, मग बराच वेळ खोकतच राहिला. शांत झाल्यावर म्हणाला, "जरा पडतो. मी उठेपर्यंत उडी मारू नकोस हं, ल्युबा."

"नाही मारत."

"शपथ?"

"गप झोप आता."

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली. बाहेर कोशावा वारा सुटलेला, खिडक्या थडथड वाजत होत्या. अर्धे बटाटे सोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, खोकल्याचा आवाज येत नाहीये. शरद ऋतूपासून त्या घरात तो आवाज थांबला नव्हता. ती हात पुसत आत आली. वोयिन गेला होता. पडद्यावर ते दोन तारे होते तिथेच होते.

तर आता तो कोण होता ते सांगायला हवं. झ्रेन्यानिनच्या साखर कारखान्यात तो काट्यावर होता. बीटच्या ट्रॉल्या यायच्या, हा वजन करायचा, शेतकरी भांडायचे, हा ऐकून घ्यायचा. हंगाम संपला की काम नाही. लग्न केलं नाही. एक होती म्हणे स्टेशनजवळची, पण ती जर्मनीला गेली आणि तिकडचीच झाली. रिकाम्या महिन्यांत काय करायचं, तर ह्याने मासिकात बघून स्वतःचा संगणक बनवला. तेव्हा दुकानात मिळायचाच नाही. आणि मिळाला असता तरी आमच्या वोयिनने विकत घेतला नसता, त्याला उघडून जोडण्यातच मजा.

आतले काळे बारके तुकडे, ज्यांना पायच पाय असतात, ते सरहद्दीपलीकडून, त्रिएस्तेहून, चोरून आणावे लागायचे. ते काम ल्युबिंकाचं. बायका तिकडून कॉफी आणि जीन्स आणायच्या, हिने केस गुंडाळायच्या रोलरमध्ये तुकडे लपवले, रोलर केसांत घातले आणि वर रुमाल बांधला. सरहद्दीवरचा शिपाई म्हणाला, "काय बाई, आज कुणाचं लग्न?" ही म्हणाली, "भावाचं. नवरी डोक्यावर घेऊन चाललेय." शिपाई हसला आणि सोडून दिलं. वोयिनने ते तुकडे तिच्या केसांतून एकेक काढले, जपून, जसं काही आगपेटीच्या काड्या मोजतोय. तिला विचारलंसुद्धा नाही की तू कशी आहेस.

त्या संगणकाच्या डब्यात जागा मात्र इतकीशी. शाळेच्या वहीची दोन-चार पानं भरतील, बास. आणि ह्याला करायचं होतं आकाश. खेळाचं नाव 'कोनाक', म्हणजे मुक्काम. आपलं गाव बुडालंय, माणसं जहाजात बसलीत, इंधन थोडं, आणि उतरायला एक जागा शोधायची. पाणी हवं, हवा हवी, आणि तिथे आधीपासून कुणी राहत असेल तर त्यांची परवानगी हवी. परवानगी मिळाली की जिंकलो.

"आणि शत्रू कुठेयत?" काट्यावरच्या जोडीदाराने विचारलं होतं. "सगळ्यांच्या खेळात धाडधाड गोळ्या असतात."

"शत्रू ठेवला तर तारे कमी करावे लागतील," वोयिन म्हणाला. "जागा नाही. मी तारे ठेवले."

पण एवढे तारे त्या एवढ्याशा डब्यात मावले कसे? ल्युबिंकाला हे कळायला वेळ लागला. वोयिनने तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दह्याचं भांडं दाखवलं.

"हे सगळं दही तू केलंस?"

"मग कोणी केलं?"

"तू फक्त विरजण लावलंस. चमचाभर. बाकीचं दुधाने आपलं आपण केलं ना? तसंच. मी एक आकडा ठेवलाय आत. त्याचे बेरीज-गुणाकार होत होत एक तारा निघतो, त्या ताऱ्यातून पुढचा, त्यातून पुढचा. नाव, पाणी, हवा, माणसं, सगळं त्या एका आकड्यातून. मी एकही तारा लिहिलेला नाही."

"मग तिथे काय काय आहे ते तुला माहीत नाही?"

"नाही."

"आणि उतरायला जागा आहे का, ते?"

"तेही नाही," असं म्हणून तो इतका खूश झाला की ल्युबिंकाला वाटलं, ह्याला ताप आलाय.

त्या काळी रेडिओवर संगणकाचे खेळ लावायचे. हो, रेडिओवर! निवेदक सांगायचा, कॅसेट तयार ठेवा, आणि मग नुसती किंचाळी आणि करकर चालायची काही मिनिटं. लोक ती टेप करून घ्यायचे आणि आपापल्या संगणकाला ऐकवायचे, की खेळ हजर. 'कोनाक' असाच लागला. शेजारच्या युल्कामावशीने त्या दिवशी भिंत बडवली होती, "अरे, डुक्कर मारताय का रे रविवारच्या दिवशी!"

मग पुढचे आठवडे श्रोते फोन करायचे. कुणी म्हणे इंधन संपलं, कुणी म्हणे पाणी मिळालं पण हवा नाही, कुणाची वीज गेली आणि जहाजासकट सगळं गेलं, कारण प्रवास जपून ठेवायची सोय नव्हती, तेवढी जागाच उरली नव्हती. आणि एके दिवशी कोव्हिनहून एका बाईचा फोन आला. नाव नेवेंका. पावाच्या भट्टीत कामाला.

"आम्ही उतरलो," ती म्हणाली. "ओलिमा नावाच्या ताऱ्यावर."

त्या दिवशी वोयिनला रेडिओच्या स्टुडिओत बोलावलेलं होतं. तो जागेवरून उठला आणि म्हणाला, "बाई, माफ करा, पण ओलिमा असा तारा नाहीच." आपण शोधलेल्या ताऱ्यांची नावं त्याला पाठ होती. सुरुवातीच्या आसपासचे सगळे त्याने बघितले होते, आणि ती म्हणत होती की ओलिमा सुरुवातीपासून तिसराच.

"नाही कसा? माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तुम्ही नीट बघा," असं म्हणून तिने फोन ठेवला. निवेदक हसला, स्टुडिओतले सगळे हसले.

वोयिन हसला नाही. त्याला झोप येईना. बाई खोटं बोलली असती तर प्रश्न मिटला असता, पण खोटं बोलणारी बाई असं अंगावर धावून येत नाही, असं त्याचं म्हणणं. रविवारी त्याने ल्युबिंकाला बरोबर घेतलं आणि बसने कोव्हिन गाठलं.

नेवेंका पिठाच्या हातांनीच दार उघडायला आली. "आलात? बसा. भट्टीतला गरम बुरेक खाणार का, चीज भरलेला?" आणि तिने खेळ लावून दाखवला. सुरुवातीचंच आकाश वेगळं होतं! वोयिनच्या आकाशात जिथे तीन तारे रांगेत होते, तिथे हिच्याकडे झुपका. नावं वेगळी. ओलिमा तिसरा, बरोब्बर.

वोयिनने कॅसेट मागितली, पुन्हा लावली, कान देऊन ऐकली. मध्येच एक बारीकशी चर्र होती.

"हे काय?"

"ते होय? आमचा माणूस मागे फाटकाचं वेल्डिंग करत होता तेव्हा. संगणक बोलला की चूक आहे म्हणून. मी म्हटलं, बोलू दे. कुरकुर करतो म्हणून काय माणसाला घराबाहेर काढतात? दाबलं पुढे. चाललं की!"

झालं होतं असं, की त्या ठिणग्यांनी नेमका तो एक आकडा बिघडवला होता. विरजणच बदललं. बाकी सगळं जसंच्या तसं, फक्त आकाश दुसरं. वोयिन खुर्चीत बसला, बुरेक हातात तसाच, तेल शर्टावर ओघळतंय, आणि हा म्हणतोय, "मी हे केलेलं नाही. ल्युबा, बघ, मी हे केलेलं नाही." एखाद्याला रस्त्यात सोन्याची नाणी सापडावीत तसा चेहरा.

परतीच्या बसमध्ये मात्र शर्टावरचा तेलाचा डाग पुसत बसला. पांचेव्हो गाव मागे पडल्यावर म्हणाला, "तिच्या आकाशात उतरायला जागा आहे. माझ्यात आहे का, कुणास ठाऊक."

आता हे शोधणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. संगणकालाच सांगायचं, सगळे तारे ओळीने दाखव. दुपारभराचं काम. ल्युबिंकाने किती वेळा सांगितलं, "बघून टाक ना एकदाचं." तो म्हणायचा, "ती मोजणी झाली. मोजणी मी रोज काट्यावर करतो. जायचं तर जहाजातून जायचं." हट्टीपणा, दुसरं काय! वर्षातून एक-दोनदा जायचा, इंधन संपवायचा, आणि परत यायचा. मग देश तुटला, युद्ध झालं, कारखान्याचे हाल झाले, खेळ माळ्यावर गेला.

गेल्या शरद ऋतूत डॉक्टरांनी ल्युबिंकाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "माळ्यावरून डबा काढ. तू चालव, मी सांगतो." तेव्हापासून रोज सकाळी थोडं थोडं. डबा बंद करायचा नाही, फक्त टीव्ही. इतक्या लांब ते आधी कधीच गेले नव्हते.

तर तो गेला, आणि पहिली आली ती युल्कामावशी. तिने खिडकी उघडली, मेणबत्ती लावली, आरसे झाकले आणि काळी चादर घेऊन टीव्हीकडे वळली.

"टीव्ही झाक मावशी, पण डब्याला हात लावू नको," ल्युबिंका म्हणाली.

"कसला डबा? हा लाकडाचा? ह्याच्यावर तर मांजर झोपलंय."

"झोपू दे. ऊब असते. वायर काढू नको म्हणजे झालं."

दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. कॉफीची शेगडी लावायला कुणीतरी नेमका तोच प्लग धरला, आणि ल्युबिंका, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, केवढ्याने ओरडली, "सोड ते! माणसं बसलीयत त्यात!"  पाद्रीबुवांनी दफनानंतर वाटतात त्या गोड गव्हाचा चमचा तोंडापर्यंत नेलेला तसाच ठेवला. युल्कामावशीने तिला पाणी दिलं आणि बाकीच्यांना खुणेने सांगितलं, दुःख आहे, बोलू नका.

पण नंतर मावशीनेच खोदून खोदून विचारलं. कोण माणसं, कुठे बसलीत, किती दिवस झाले. ल्युबिंकाने सगळं सांगितलं.

"मग मार की उडी."

"कशी मारू? तो म्हणाला, मी उठेपर्यंत नको."

मावशीने बराच वेळ दाढेत जीभ फिरवली. "हे बघ. चाळीस दिवस आत्मा घरातच असतो. इथेच फिरतो, भिंतीला हात लावतो. म्हणजे तो उठलेलाच आहे. चाळिसावा झाला की गेला. मग कुणाला दाखवणार?"

"आणि टीव्ही? तूच म्हणालीस, चाळीस दिवस लावायचा नाही."

"ते बघायला. हे काय बघणं आहे? हे काम आहे. ते लोक किती दिवस अवघडून बसलेत, मला तर झोप लागत नाही."

चाळिसाव्याला अजून काही दिवस होते. दुपारची वेळ. मावशी स्वतःची खुर्ची घेऊन आली आणि शेजारी एक रिकामी ठेवली. चादर पूर्ण काढली नाही, नुसतं टोक उचलून वर खोचलं. टीव्ही तापायला वेळ लागला. मग ठिपके आले. दोन तारे.

"डावा का उजवा?" ल्युबिंकाने विचारलं. रिकाम्या खुर्चीला की मावशीला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डावा," मावशी म्हणाली. "उजवीकडे मला कुणी बरं भेटलंच नाही कधी."

ल्युबिंकाने बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं आणि दाबलं.

पडदा पांढरा झाला, मग काळा. इंधन शून्य. मग अक्षरं एकेक करत आली, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तशी. ल्युबिंका मोठ्याने वाचत गेली. ताऱ्याचं नाव: ग्र्वुक.

"असलं कसलं नाव!" मावशी म्हणाली.

पाणी: आहे.

हवा: आहे.

माणसं: आहेत.

आणि पुढे नुसता चौकोन लुकलुकत राहिला. ही माणसं काय उत्तर देतात, तेही तो आकडाच ठरवायचा. उत्तरं दोन-चार प्रकारची होती, ती मात्र वोयिनने स्वतः लिहिलेली. कोणती, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. ल्युबिंकाने पदर तोंडाशी धरावा तसा ॲप्रन धरला. मावशीने तिचं मनगट पकडलं. मांजर डब्यावरून उतरून निघून गेलं.

अक्षरं आली.

या. बूट दाराशी काढा.

 ल्युबिंकाला हसू फुटलं, आणि ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. मावशीला जवळचं वाचता येत नव्हतं. ती विचारत राहिली, "काय म्हणाले गं? घेतलं का आत?"

"घेतलं, मावशी. बूट दाराशी काढा म्हणाले."

मावशीने क्रॉसची खूण केली आणि पडद्याकडे बघून मान हलवली, जसं काही पलीकडच्या गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडाला नमस्कार करतेय. मग खाली वाकून तिने आपल्या पायांकडे बघितलं, आणि मुकाट्याने आपले बूट काढून दाराबाहेर ठेवून आली.