न मागणारी लेक

अंगणवाडीतून सुकडीचा खमंग वास आला की मला दुष्काळातलं रस्त्याचं काम आठवतं; तिथंही मजुरांना सुकडीच मिळायची. लातूर तेव्हा अजून जिल्हा झालं नव्हतं. खडी फोडता फोडता बाप सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, “आमची लेक लई शहाणी, कधी काही मागत न्हाई.” म्हणून तळपायात काटा मोडला तरी मी गप्पच राहिले. पाय सुजून पिकला तेव्हा मायनं विचारलं, “सांगितलं का न्हाईस?” मी म्हणाले, “मी शहाणी हाय ना.” बापानं काटा काढला, दोन कोसांवरून आणलेलं प्यायचं पाणी माझ्या पायावर ओतलं आणि म्हणाला, “मागत जा, बाई.” आज नात सुकडीची रिकामी वाटी पुढं करून “आणखी” म्हणते. मी वाटी भरते. तिला शहाणी मात्र कधी म्हणत नाही.