डावीकडचा हॉर्न

फ्रिजच्या तक्रारीपायी मी बेंगळुरूच्या ग्राहक न्यायालयात खेपा घालत होते, तेव्हा बाकावर शेजारी हमखास एक गृहस्थ असायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जाडजूड फाइल. त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. कंपनीनं ते बनवलंच चुकीचं, असा त्यांचा दावा. सांगताना ते दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग वळवायचे आणि तोंडानं "पँऽऽ" करायचे. शिपाई दर वेळी दचकायचा.

"इस्पितळासमोर वाजला, अक्का! पोलिसानं धरलं. आणि कंपनीचा वकील म्हणतो, स्वल्प ॲडजस्ट करा!"

'स्वल्प' म्हणताना ते अशी चिमूट दाखवायचे, जणू तिच्यात ढेकूण धरलाय.

शेवटी ते जिंकले. गाडी बदलून मिळाली. पुढं इंदिरानगरात भाजी घेताना भेटले, तर चेहरा उतरलेला.

"आमच्या गल्लीत डावीकडंच वळायचं असतं. हॉर्न ऐकला की बायको कॉफी ठेवायची. आता घरी पोचतो, तर गॅस बंद."

"मग?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तीच चिमूट दाखवली.

"वळताना हातानं वाजवतो. स्वल्प."