सोसायटीचं अबोध मन

दोष नाडकर्णीकाकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी 'पण हेतू चांगला होता हो त्यांचा' म्हणायला नको.

दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत रिटायर्ड माणसं जास्त आणि त्यांना काम कमी. त्यामुळे किस्से इथे भंगारासारखे साठतात. जिन्याखाली, गच्चीवर, कुठेही. कोणी उचलत नाही. मी उचलतो, कारण इंजिनीअरिंग अर्धवट सोडल्यापासून सगळ्यांच्या लेखी मी रिकामाच आहे.

नाडकर्णीकाका विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि त्यांनी मोबाईलवर मनोविश्लेषणाचा कोर्स केला. लगेच क्लबहाऊसमध्ये 'स्वप्नमंडळ' सुरू! दर रविवारी सकाळी आपलं स्वप्न सांगायचं, काका त्यातली प्रतीकं उलगडणार, आणि मग स्वप्न जे मागेल ते खरोखर करायचं. "नाहीतर अबोध मन रुसतं!" असं काका म्हणाले.

मला चहाचं आणि खुर्च्यांचं खातं मिळालं. "तू घरीच असतोस ना रे!"

०

पहिलं गिऱ्हाईक परबकाका. मूळचे मालवणचे, राहायला सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्यांना रोज स्वप्नात पाणी दिसायचं.

"पाणी म्हणजे अबोध मन!" नाडकर्णीकाका खूश. "परब, घाबरू नका. खोल उतरा."

खोल उतरायचं म्हणून परबकाका रोज बादलीत पाय बुडवून बसू लागले. सर्दी झाली. मी त्यांच्याकडे खुर्च्या आणायला गेलो तर पलंगाच्या बरोब्बर वर स्लॅब ओला. गच्चीवरची टाकी गळत होती!

पुढच्या रविवारी परबकाका तावातावाने आले. "मन खंयचा रे मेल्या! माज्या नाकार पाणी पडता!"

नाडकर्णीकाका शांतपणे म्हणाले, "पण नाकावरच का?"

त्यावर चहा संपेपर्यंत चर्चा झाली. प्लंबर मी बोलावला.

०

सावंतकाकूंना साप दिसला. सांगून मोकळ्या झाल्या आणि काकांकडे बघत बसल्या. काकांनी चष्मा पुसला. मग परत पुसला. स्वप्नातल्या सापाचा अर्थ काय लावतात, हे मोबाईलमुळे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त काकूंना नव्हतं.

"अहो बोला ना, भावजी!"

"साप म्हणजे... ऊर्जा."

"कसली?"

"एकंदरीत."

सावंतकाका आतापर्यंत पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोणासारखा होता गं?"

"तुमच्यासारखा अजिबात नव्हता. चपळ होता चांगला!"

सोमवारपासून सावंतकाका जिमला जातात.

०

मग 'सावली' आली. काकांचं म्हणणं असं, की स्वतःतलं जे आपल्याला बघवत नाही ते आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. "ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो, तीच तुमची सावली! बोला, एकेकाने नाव सांगा."

मी आरामात बिस्किटं मांडत होतो. चेअरमनचंच नाव येणार, अशी खात्रीच होती.

"रोहन," परबकाका म्हणाले.

रोहन म्हणजे मी.

"रोहनच," सावंतकाकू.

"रोहन," सावंतकाका. असं करत सगळ्यांची फेरी पूर्ण झाली. आई फक्त साखर द्यायला आली होती, ती दारातून म्हणाली, "माझाही तोच."

"अरे पण मी केलंय काय?"

"काहीच करत नाहीस ना!" सगळे एकदम ओरडले.

नाडकर्णीकाकांना तर भरून आलं. सगळ्यांची सावली एकच, म्हणजे हे सामूहिक अबोध! उपाय? सावलीला मिठी मारायची. लाइन लागली. एकेक म्हातारा येऊन मला कवटाळून गेला. परबकाकांनी मिठीतच कानात इंजिनीअरिंगच्या राहिलेल्या विषयांचं विचारलं, "केटी किती होत्ये रे?"

०

त्याच महिन्यात मला नोकरी लागली. खरीखुरी! गोरेगावच्या एका स्टुडिओत, मालिकेच्या सेटवर बूम धरायची. बूम म्हणजे लांब दांडा, त्याच्या टोकाला माइक. तो नटांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं. ही नोकरी मला इतकी हवी होती, की घरी जळमटं काढायच्या झाडूचा दांडा धरून मी प्रॅक्टिस करायचो. सोमवारी सकाळी सात वाजता गेटवर हजर व्हायचं होतं.

आई म्हणाली, "आधी बाबांचा होकार घे. मग जा."

बाबा मंडळाचे मेंबर. आणि मंडळात गेल्यापासून स्वप्नाला विचारल्याशिवाय ते भाजीसुद्धा आणत नव्हते.

"बाबा, हो म्हणा ना."

"स्वप्न पडू दे."

"तुम्हाला स्वप्नं पडतच नाहीत!"

"म्हणून तर थांबलोय."

०

रविवारी बाबा मंडळात उभे राहिले. "पडलं," म्हणाले. टाळ्या!

"रोहन दारात उभा होता. खांद्याला बॅग. मला म्हणाला, 'जाऊ का?' मी म्हटलं, 'जा.' आणि मला रडू आलं."

झालं की! हो म्हणाले की!

"थांबा!" नाडकर्णीकाका उठले. "इतकं सरळ स्वप्न कोणाला पडत नाही. मुलगा म्हणजे मुलगा नव्हे. तो तुमच्या आतला तरुण! जन्मभर दाबून ठेवलात त्याला. आता तो निघालाय. जाऊ द्या त्याला!"

"काका, तो मीच आहे! बॅगही माझीच आहे!"

"सावलीने मध्ये बोलू नये," सावंतकाकू म्हणाल्या.

बाबा 'जाऊ द्या त्याला' असं पुटपुटत घरी गेले.

सोमवारी उठलो तर माझा काळा टी-शर्ट नाही, बॅग नाही, फ्रिजवर ठेवलेला स्टुडिओचा गेटपास नाही.

"बाबा गेले लवकर," आई म्हणाली. "डबा नेलाय."

रिक्षा करून स्टुडिओ गाठला. वॉचमनने पास मागितला.

"पास बाबा घेऊन गेले."

त्याने दुसऱ्या वॉचमनला बोलावलं आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

लंच ब्रेकला आमचा साउंड रेकॉर्डिस्ट भूषणदादा गेटवर आला. चेहरा नुसता फुललेला. "काय माणूस पाठवलास यार! सकाळी सासूबाई एका टेकमध्ये ढसाढसा रडत होत्या, रडतच होत्या, आणि तुझे फादर इंचभर हलले नाहीत!"

"दादा, ती नोकरी माझी आहे."

"हो रे. पण तू इंटरव्ह्यूत बसल्या बसल्या पाय हलवत होतास."

नोकरी बाबांकडेच राहिली.