आमच्या अंगणात सरळ, रस्त्यावर वाकडी

गुरुवारी सकाळी मखमलाबादला आमच्या अंगणात मी एकटीच वेड्यासारखी हसत उभी होते. हातात रिकामी बादली, पायाखाली पाणी, समोर आमची पिकअप. सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "काय गं, बरी हायेस ना?"

बरी होते. खरं तर चार दिवसांनी पहिल्यांदाच बरी होते... पण ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

आमची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवरा, म्हणजे संदीप, सातपूरला कंपनीत असतो, त्यामुळे फुलं बाजारात पोचवायचं काम माझं. दिवाळीनंतर सेकंडहँड पिकअप घेतली आणि मी रीतसर क्लास लावून गाडी शिकले. मागे फुलांचे क्रेट, शेजारी सासूबाई आणि स्टीअरिंगवर मी. काय रुबाब होता माझा, विचारू नका!

मग संदीपला दिसलं की गाडी पुढून एकसारखी नाही. अंगणात उभी केली की ड्रायव्हर साइड खाली बसलेली वाटायची. "तुझ्या बाजूचं सस्पेन्शन दबलंय," म्हणाला, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसला. मी म्हटलं, हस बाबा हस, संध्याकाळी तुला जेवायला कोण वाढतं तेच बघते.

रविवारी साहेब गाडीखाली शिरले. पुढच्या चाकांना आतून एकेक लांब बार असतो, त्याचा बोल्ट आवळला की ती बाजू उचलली जाते, असं त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. गवंड्याची लेव्हल पट्टी घरात होतीच, ती पुढच्या बंपरवर आडवी ठेवली. ड्रायव्हर साइडचा बोल्ट आवळत गेला, आवळत गेला... आणि पट्टीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला. गडी खूश! आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवला.

सोमवारपासून गाडी उजवीकडे ओढायला लागली. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर! पेठ रोडला एक ट्रक समोर आला तेव्हा मी स्टीअरिंग इतकं खेचलं की मागचे क्रेट आडवे झाले. तेव्हापासून सासूबाई वरचं हँडल जे धरायच्या ते बाजार येईपर्यंत सोडायच्या नाहीत. डोळे मिटून देवीचं नाव चालू.

संदीपने गल्लीत एक चक्कर मारून पाहिली, पण त्या स्पीडला काय कळणार? "गाडी तर एकदम लेव्हलमध्ये आहे. तुझाच हात ओढत असेल," म्हणाला. राग आलाच... पण खरं सांगू का, मलाही ते पटलं. मी नवी ड्रायव्हर, शेजारी वयस्कर माणूस. त्यांना काही झालं असतं तर मी कोणत्या तोंडाने घरी आले असते?

शेवटी गावातल्या एका ड्रायव्हरला पुढच्या आठवड्यापासून यायला सांगितलं. चारचौघांत मी "बरं झालं बाई, सुटले" म्हणत होते, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते.

गुरुवारी तोडणी नव्हती, म्हणून गाडी घरीच होती. एरवी सड्याच्या वेळी ती बाजारात असते. मी बादली ओतली... पाणी पसरलं, गाडीखालून वळलं, ड्रायव्हर साइडच्या चाकाजवळून गेलं आणि नारळाच्या आळ्यात शिरलं. रोज तिथेच जातं. सासऱ्यांनी कोबा करतानाच तसा उतार काढून घेतलाय, सड्याचं पाणी झाडाला मिळावं म्हणून.

आणि माझी ट्यूब पेटली. अहो, गाडी मुळात सरळच होती! उतरतं होतं ते आमचं अंगण, आणि संदीपने गाडी त्या अंगणावर लेव्हल केली होती. म्हणजे आमच्या दारात सरळ, बाकी सगळ्या जगात वाकडी...

त्याची सेकंड शिफ्ट होती, झोपला होता. उठवून बाहेर आणला आणि दुसरी बादली त्याच्या पायाशी ओतली. पाणी नारळाकडे वळलेलं बघितलं आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी तुझ्या हाताला बोलत होतो..."

सासूबाईंना तर चेवच आला. "तुझ्या बापानं नारळासाठी उतार काढला, एवढं माहीत नाय का रे तुला? लय मोठा इंजिनिअर!"

लगेच गाडी जवळच्या वजनकाट्यावर नेली, तिथली जमीन अगदी सपाट असते म्हणून. पट्टी आधी जमिनीवर ठेवली, तिथे बुडबुडा मधोमध. मग बंपरवर ठेवली तर तो पार एका टोकाला जाऊन बसला. संदीपने तिथेच बोल्ट सैल करून दोन्ही बाजू सारख्या केल्या, मग अलाइनमेंटही करून घेतली. घरी येताना त्यानेच त्या ड्रायव्हरला फोन लावला, "दादा, नका येऊ, आमच्याकडे ड्रायव्हर आहे."

शुक्रवारी सकाळी फुलं भरून निघालो. पेठ रोडला मोकळा पट्टा लागला तशी मी पकड जरा सैल केली... गाडी सरळ. अगदी नाकासमोर! इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"आई, बघा ना, ओढत नाही आता!" मी ओरडलेच. वळून बघते तर हँडल सोडलेलं, हात मांडीवर, मान खिडकीला टेकलेली... आणि सासूबाई चक्क घोरत होत्या.

बाजार येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही. लायसन्स माझ्याकडे आधीपासूनच होतं, पण टेस्ट मी पास झाले ती त्या दिवशी.