मागच्या सीटची काच

आमच्या दादाला सगळी गल्ली 'कवळीवाले' म्हणते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, दादा कवळी बनवून परत पाठवतो, आणि ती ज्याच्या तोंडात बसते त्याचं तोंड दादाने जन्मात पाहिलेलं नसतं. तरी रस्त्यात एखादा म्हातारा खळखळून हसला की हा थांबतो, टक लावून बघतो आणि मला कोपर मारून म्हणतो, "माझी आहे." मी म्हणते, "अरे, ओशाळेल तो बिचारा, पुढे चल!" म्हणजे म्हणायचे. आता कुणी हसलं तरी तो मान वर करत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच वरच्या मजल्यावर एकटी राहते, कपडे शिवते. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. दादाची जीभ लागतच नाही कुणाला, कारण तो बोलतच नाही, म्हणून दोघांचं मला एकटीला बोलावं लागतं.

दादा-वहिनीला एकच मुलगा. त्याला आम्ही टेंगूळ म्हणायचो. लहानपणी कपाळावरचं एक टेंगूळ उतरायच्या आत दुसरं हजर. टेबलाचा कोपरा, दाराची कडी, माझ्या शिलाई मशिनचं चाक, याचं डोकं जिथे तिथे पोचलेलं. मोठा होऊन ताडमाड वाढला, तेव्हा चौकटींची पाळी आली. नौदलात गेला. जहाजावरून उडतात आणि जहाजावरच उतरतात ती विमानं असतात ना, पंख दुमडून उभी करतात ती, त्यातल्या एकात हा मागच्या सीटवर बसायचा. पुढे वैमानिक, मागे हा. पडद्यावर नजर ठेवून पाण्याखाली पाणबुडी आहे का ते शोधायचं, हे त्याचं काम. फोनवर सांगायचा, "बाबा, इथेसुद्धा माझं हेल्मेट काचेला घासतं!" आणि दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

एक दिवस ते विमान उडालं आणि जहाजावर परत आलंच नाही.

दोन साहेब घरी आले. टोप्या मांडीवर ठेवून बसले. समुद्रावर धुकं होतं म्हणाले, पुष्कळ शोधलं म्हणाले, हाती काही लागलं नाही म्हणाले. पेपरात वैमानिकाचा फोटो आला, आणि खाली 'व त्यांचा सहकारी' एवढंच. मी तो पेपर चुरगाळून फेकला. सहकारी म्हणे! पोरगा आमचा, आणि छापायला दोन ओळी जड झाल्या मेल्यांना.

वहिनीने मात्र साहेबांना एकच गोष्ट विचारली. "त्याला दिसलं का?"

साहेबांना कळेना.

"पाणी. पाणी जवळ येताना त्याला दिसलं का?"

मग त्यातला एक वेग, उंची, असलं काहीबाही सांगत बसला. वहिनीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "हो, पण त्याला दिसलं का?"

त्या प्रश्नाने आमचं घर खाल्लं. दूध घेताना विचारायची, गॅसची टाकी आणून देणाऱ्याला विचारायची. मी माप घ्यायला गेले की माझा हात धरून विचारायची. जेवायला बसायची आणि ताटातलं तसंच ठेवून उठायची. मी तिचे कपडे आत घेत गेले, घेत गेले, शेवटी शिवणी इतक्या जाड झाल्या की मुकाट्याने नवे कापायला घेतले. डॉक्टर म्हणाला, काळजी घ्या. कशी घ्यायची ते सांग ना बाबा! गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

एका दुपारी दादा खोका घेऊन आला. विमानाचं किट होतं, सुटे भाग जोडून छोटं विमान करायचं ते. त्याच विमानाचं, तेच दुमडणारे पंख, शेपटीखाली तोच लोखंडी आकडा, ज्याने उतरताना जहाजावरची दोरी पकडायची. खोक्यावर लिहिलं होतं, बारा वर्षांवरील मुलांसाठी. मी म्हटलं, "चल, वयात तर बसतोस."

तो हसला नाही. म्हणाला, "मी तिला दाखवतो. पुढच्या सीटची पाठ केवढी उंच असते बघ. मागच्याला समोरचं काही दिसतच नसेल. एकदा हातात धरून बघितलं, की तिचं तिलाच कळेल."

वहिनीला त्याने तसं सांगितलंसुद्धा. "तो कुठे बसायचा ते मी तुला दाखवणार आहे." तिने किती तरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "नक्की?" आणि तेव्हापासून रोज सकाळी विचारायची, "झालं का हो?"

कामाच्या खोलीत एका बाजूला लोकांच्या कवळ्या, दुसऱ्या बाजूला विमान. प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले भाग तो एकेक कापायचा, कानशीने कडा घासायचा, डोळ्याजवळ धरून फुंकर मारायचा. रंग मात्र त्याने तयार बाटलीतला लावला नाही. हिरड्यांची छटा जुळवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला बाटलीतला करडा कसा पटावा? वरून समुद्राचा निळसर करडा, पोटाला मळकट पांढरा, असा त्याने स्वतः कालवला. लावून झाल्यावर सगळं विमान चकचकीत दिसायला लागलं. मी म्हटलं, "अगदी नवं कोरं!" तर लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसला. टेंगळाने सांगितलं होतं म्हणे, की बाबा, आमचं विमान कधी चकचकीत नसतं, खारा वारा रंग खातो, इंजिनामागे काजळी धरते. ती काजळीही त्याने बोटाने लावली. मी उगीचच बोलले असं मला झालं.

किटमध्ये माणूस एकच होता. पुढचा. मागच्याला इथेही कुणी मोजलंच नव्हतं! मी चिडले, पण दादाने खांदे उडवले आणि मेणाचा गोळा हातात घेतला. आधी मेणात कोरला, मग कवळीच्या गुलाबी मसाल्यात ओतला. अंगठ्याच्या पेराएवढा टेंगूळ. हिरड्यांच्या रंगाचा माझा भाचा! मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. दादाने त्याला कपडे रंगवले, हेल्मेट घातलं, चेहऱ्याला बारीक ब्रशने रंग दिला. भिंगातून मला दाखवला. खालचा ओठ जरा पुढे, रुसल्यासारखा, अगदी तोच. मी म्हटलं, "दादा, हा बोलेल रे."

त्याला आत बसवला त्या दिवशी मात्र दादा पार खचला. मी चहा घेऊन गेले तर विमान डोळ्यासमोर धरून नुसता बसलेला.

"काय झालं?"

"अगं, सगळं दिसतं तिथून," तो म्हणाला. "समोरचं नाही दिसत. पण दोन्ही बाजूंना काच आहे. पार खालपर्यंत. बघ ना, त्याला सगळं दिसलं असणार."

मी भिंगातून पाहिलं. तो खरं बोलत होता. टेंगूळ मान वळवेल तिकडे उघडं होतं, डावीकडे, उजवीकडे, पंखाखाली.

"मग सोडून दे," मी म्हटलं. "सांग तिला, तुटलं म्हणून."

"रोज विचारते ती. झालं का, झालं का. काय सांगू? आणि खोटं मला जमत नाही, तुला माहीत आहे." ते खरं होतं. कवळी थोडी जरी चुकली तरी हा स्वतः फोन करून डॉक्टरला सांगतो, परत पाठवा म्हणून.

सोडून देणंही त्याला जमलं नाही, कारण आत आता टेंगूळ बसला होता. शेवटचं काम वरची पारदर्शक प्लास्टिकची काच बसवायचं. ती बसेना. टेंगळाचं हेल्मेट काचेला लागत होतं आणि कडेला केसाएवढी फट राहत होती. मी म्हटलं, "खालून जरा कानस मार त्याला, बसेल."

दादाने कानस बाजूला सारली. "घासतंच त्याचं हेल्मेट," तो म्हणाला. "मी नाही त्याला लहान करणार."

अशा काचेला साधा पांढरा गोंद लावायचा असतो, पण गोंदाने ती दबून राहीना. तेव्हा दादाने हात घातला तो आपल्या धंद्यातल्या बाटलीला. कवळीच्या मसाल्यात जे लिक्विड घालतात ते. उग्र वास, पण चिकटवतं असं की दात तुटेल, जोड सुटणार नाही. लोकांच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी तुकड्यावर लावून बघणारा हा माणूस, त्या दिवशी त्याने काहीच बघितलं नाही. ब्रशने कडेकडेने लिक्विड फिरवलं, काच दाबून धरली, आणि धूळ बसू नये म्हणून वर काचेचा वाडगा पालथा घालून झोपायला गेला. कवळीवर घालतो तसाच.

सकाळी माझ्यासमोर वाडगा उचलला. काच आतून पांढरी झाली होती. लिक्विडची वाफ आतल्या आत कोंडली, आणि त्या प्लास्टिकला ती सोसली नाही. कवळीचा मसाला वेगळा, हे प्लास्टिक वेगळं. दादाने फडक्याने पुसून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. बाहेरून काही नव्हतंच, सगळं आतून. टेंगूळ गेला होता. मागच्या सीटवर एक फिकट डाग तेवढा दिसत होता.

दादाने फडकं टाकून दिलं. "माझ्या हाताने," तो म्हणाला. "माझ्याच हाताने घालवला."

तेवढ्यात दारात वहिनी. "झालं का हो?"

दादाने विमान मागे लपवायला पाहिलं, पण ती पुढे आली आणि तिने ते काढून घेतलं. खिडकीपाशी नेलं. पंखांवरून बोट फिरवलं. मग काच डोळ्याजवळ धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"एवढं धुकं होतं?" तिने विचारलं.

दादा तिच्यामागे खिडकीपाशी गेला.

"ते साहेब म्हणाले होते धुकं होतं म्हणून. मला वाटलं, असेल थोडंसं." तिने दादाकडे पाहिलं. "एवढं होतं?"

दादाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सांगणार, लिक्विड, वाफ, चूक. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको रे दादा, एकदा तरी नको.

"हो," दादा म्हणाला. "एवढं होतं."

"मग त्याला दिसलं नसेल."

"नाही. काही काही दिसलं नसेल."

वहिनी विमान छातीशी धरून खाली बसली आणि रडली. साहेब आले त्या दिवसापासून ती रडलीच नव्हती, नुसती विचारत होती. त्या दिवशी मात्र पोटभर रडली, आणि दुपारी तिने आपणहून ताट वाढून घेतलं.

परवा मी दादाच्या खोलीत मोडकी सुई टाकायला डबा शोधत होते, तर खणात कापसावर ठेवलेली एक काच सापडली. लख्ख, पाण्यासारखी. झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी पारदर्शक पट्ट्या बनवायचं मशिन आहे त्याच्याकडे, त्यावर त्याने नवी काच काढली होती, अगदी बरोबर मापाची, हेल्मेटपुरती किंचित उंच.

"अरे, मग बसव की ही! जुनी काप आणि बसव!" मी बोलून गेले, आणि बोलता बोलताच मला कळलं.

"कशी बसवू?" दादा म्हणाला. "ती जेवतेय आता." मग खाली बघत म्हणाला, "मला बघायचा होता गं तो. रोज थोडा वेळ. तेवढंच होतं मला."

त्याने काच माझ्या हातात दिली. "तू टाक. माझ्या हातून नाही व्हायचं."

मी ती खाली नेली आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी कोंबली. परत आले तर वहिनी बाहेरच्या खोलीत मऊ फडक्याने विमान पुसत होती. पंख, शेपटी, शेवटी ती पांढरी काच, हलक्या हाताने.

"वन्सं," ती म्हणाली, "एवढं हुबेहूब धुकं कसं हो केलं असेल यांनी? दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"नसतंच जमलं," मी म्हटलं.

आतल्या खोलीत दादाची कानस चालली होती. ती थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली.