लाभ, दोन, तीन

आमच्या मालकिणीच्या आत्यासारखी मास्तरीण निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरी नव्हती, हे मी कुणासमोरबी सांगतो. मालकीण म्हणजे माझी बायको. औंदा ती गेली, आत्या तर कधीच गेली, म्हणून सांगायला मीच उरलो. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण अहमदपुरात आमच्या गल्लीतलं एक लेकरू तिनं गणिताशिवाय जेवू दिलं न्हाई. चिंचोके, वाट्या, लसणाच्या पाकळ्या, मालकिणीच्या हातातल्या बांगड्या, सगळी तिची पाटीच. भाकरीचे चार तुकडे करायची, दोन उचलायची आन् विचारायची, "काय राहिलं गं?" एकदा शेजारची ठमी म्हणाली, "भूक राहिली, आत्या!" तिला चारी तुकडे मिळाले. मलाबी सोडायची न्हाई. "जावईबापू, टोपल्यात तीन भाकरी, खाणारे चौघं. तुमी किती घेणार?" मी अर्ध्या भाकरीवरच हात धुवायचो.

लेकीला शाळेत घालायचंच, असं मालकिणीनं मनात घेतलं. "मी अडाणी राहिले, ही राहायची न्हाई," म्हणून माझ्याशी भांडली. शाळेचे मास्तर मुसलमान, लई कडक. गिनती आली तरच नाव लिहिणार, म्हणाले. पुढं चिंचोके ठेवले. लेकीनं ठणकावून सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..."

"अगे, एक किधर गया?"

"एक म्हणू न्हाई. घरातलं सरतं."

आमच्याकडं ज्वारी मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. आत्यानं पोरीला गिनती शिकवली ती त्या मापावरच! मास्तरांनी मान हलवली. "अगले साल लाओ." मालकिणीनं पदराचा बोळा तोंडात धरला. तेवढ्यात संगं आलेली आत्या शाळेच्या उंबऱ्यातनं कडाडली, "ओ मास्तर, तुमच्या घरी पहिल्या मापाला काय म्हणतेत?"

मास्तर दाढीतल्या दाढीत म्हणाले, "बरकत." आन् असे हसले की चिंचोके खाली सांडले. "पर इधर एक बोलना, बेटी," म्हणत त्यांनी नाव लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मालकीण भाकरी थापता थापता उठली आन् लेकीपुढं मांडी घालून बसली. "मलाबी शिकव." आत्या फुगली. "माझ्यापुढं कधी बसली न्हाई ही!" तव्यावर भाकर करपून राहिली होती. मला वास येत होता, उठताबी आलं असतं. पण मालकीण एकेक आकडा म्हणून लाजून हसत होती, आन् मी तिच्याकडंच बघत बसलो.